आंबे, वीज आणि ईपब : डिजिटल प्रकाशनातली उन्हाळी इंटर्नशिप

मी देवगड तालुक्यातली, एस.वाय.बी.ए. मराठीची. आमच्याकडे सुट्टीत पोरांना काम शोधायला कुठे जावं लागत नाही. आंबा उतरायला लागला की पेटीत गवत पसरायचं, आकारमानाप्रमाणे फळ लावायचं, दिवस संपतो. त्या वर्षी मात्र मी रत्नागिरीला मावशीकडे राहून एका छोट्या प्रकाशन संस्थेत आठ आठवडे इंटर्नशिप केली. आजी फोनवर रोज विचारायची, "काय करतंस गो तू थंय?" मी सांगायचे, "जुनी पुस्तकां मोबाइलार आणतंय." तिचं उत्तर ठरलेलं : "म्हणजे झेरॉक्स काडतंस!"

पहिले पंधरा दिवस तर तिचंच बरोबर होतं.

'डिजिटल' या शब्दामुळे मला वाटलं होतं की कॉम्प्युटर शिकायला मिळेल. मिळाला, पण थोडा. बाकीचा सगळा वेळ वाचण्यात गेला. अक्षर अक्षर करून, एका ओळीवर पट्टी ठेवून. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पहिला महिना कुरकुरण्यात गेला नसता. म्हणून हे लिहितेय. यंदा तुम्ही असं काही करायच्या विचारात असाल, तर खालचा क्रम धरा.

१. फेब्रुवारीतच विचारायला लागा

मी मार्चच्या शेवटी मेल पाठवायला सुरुवात केली. तोवर उशीर झाला होता. दोन ठिकाणांहून 'पुढच्या वर्षी बघू' आलं, बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. एप्रिलमध्ये जागा हवी असेल तर फेब्रुवारीत पत्र गेलेलं असावं.

मराठीतले मोठे प्रकाशक पुण्या-मुंबईत आहेत, आणि बरेचसे काम घरून करायला देतात. पण पहिलीच इंटर्नशिप असेल तर शक्यतो माणसांच्या शेजारी बसून करा. कोकणात छोटे प्रकाशक आहेत, साप्ताहिकं आहेत, दिवाळी अंक काढणारे आहेत. फक्त त्यांच्या जाहिराती दिसत नाहीत. त्यांचा पत्ता ग्रंथपालांना ठाऊक असतो. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. तिथे इंटर्नशिप मिळते असं मी म्हणत नाही. पण अशा ठिकाणी जाऊन 'आपल्याकडे पुस्तकं कोण छापतं, जुनी पुस्तकं स्कॅन कोण करतं' एवढं विचारलं तरी दोन-तीन नावं हातात पडतात. चिपळूणच्या वाचनालयात २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत पाणी शिरलं होतं. जुन्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी असावी, हे आपल्याकडच्या ग्रंथपालांना पटवून द्यावं लागत नाही.

मेल लांबलचक लिहू नका. तुम्ही कोण, कधीपासून कधीपर्यंत मोकळे आहात, काय येतं, बस्स. सोबत एक नमुना जोडा. मी एका जुन्या पुस्तकाचं एक पान युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकावर, मोबाइलवर वाचता येईल अशा अक्षरांत) टंकून, त्याचं मुद्रितशोधन करून पाठवलं होतं. माझी निवड त्या पानावर झाली असं नंतर कळलं. बायोडेटा कुणी उघडलाही नव्हता.

होकार आला की चार गोष्टी विचारून घ्या आणि उत्तर मेलवर मागा : काम नेमकं काय, तास किती, मानधन किती (नसेल तर नाही म्हणून सांगा), आणि शिकवणार कोण. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. 'सगळेच शिकवतील' असं उत्तर आलं तर कुणीच शिकवणार नाही असं धरून चाला.

सापळा : इंटर्नशिपसाठी तुमच्याकडूनच 'नोंदणी शुल्क' मागणारे भेटतात. तिथेच थांबा. दुसरा प्रकार म्हणजे नाव डिजिटल प्रकाशनाचं आणि काम दिवसभर 'शुभ सकाळ'ची चित्रं बनवायचं. माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला असं दोन महिने आलं.

२. कागदपत्रं एका पिशवीत घाला

- कॉलेजचं ना-हरकत पत्र आणि बोनाफाइड. कार्यालय सुट्टीत अर्धवेळ चालू असतं, त्यामुळे परीक्षेआधीच घ्या.
- आधार आणि पॅन यांच्या प्रती, बँक पासबुकाचं पहिलं पान. मानधन खात्यावर येणार असेल तर लागतंच.
- श्रेयांक हवे असतील तर कॉलेजचा तास नोंदवायचा नमुना. साधारण हिशेब ३० तासांना १ श्रेयांक असा आहे, पण आपल्या विभागाला विचारून घ्या आणि रोज सही घ्या. आठ आठवड्यांच्या सह्या शेवटच्या दिवशी मागितल्या की समोरच्याचा चेहरा बघवत नाही.
- दोन फोटो. का लागतात ते मला अजून कळलेलं नाही, पण मागतात.

आणि एक शंभर पानी वही. तिच्याबद्दल पुढे.

३. टायपिंग आधी, बाकी साधनं नंतर

लॅपटॉप फार भारी नको. माझा भावाचा जुना होता. पण मराठी टायपिंग यायलाच हवं, आणि ते इनस्क्रिप्टवर आलं तर उत्तम. हा कळफलक विंडोजमध्ये असतोच, वेगळं काही उतरवावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. आठ-दहा दिवस बोटं अडखळतात, मग सुटतात. रोमन अक्षरांतून मराठी करणारे कळफलक गप्पा मारायला ठीक आहेत. मुद्रितशोधनात ते घात करतात, कारण ते अंदाजाने शब्द बसवतात आणि आपल्या नकळत बदलतात.

बाकी सिजिल (ईपब, म्हणजे मोबाइलवर वाचायच्या ई-पुस्तकाची फाइल, दुरुस्त करायला), कॅलिबर (ईपब बघायला आणि रूपांतराला) आणि ईपबचेक (चाचणीला). तिन्ही फुकट आहेत. संस्थेकडे इंडिझाइन (पुस्तकाची पानं मांडायचं सॉफ्टवेअर) असेल तर ते तिथेच शिका, घरी घ्यायच्या भानगडीत पडू नका.

४. स्कॅन करताना पानं मोजा

माझ्या वाट्याला आलेलं पहिलं पुस्तक म्हणजे २१२ पानांचा जुना कथासंग्रह. कागद चहाच्या रंगाचा, कसरीने समासात नक्षी काढलेली, शिलाई इतकी घट्ट की पुस्तक अर्ध्यावर उघडलं तरी कुरकुरायचं. असं पुस्तक सपाट यंत्रावर दाबू नका, पाठ तुटते. आम्ही ते उशीवर अर्धं उघडं ठेवून, पानावर फोटोफ्रेमची काच ठेवून वरून छायाचित्रं काढली. स्कॅनर वापरत असाल तर ३०० डीपीआयच्या (एका इंचात ३०० ठिपके) खाली जाऊ नका. पुढे अक्षर ओळखणारं सॉफ्टवेअर त्यावरच चालायचं असतं.

मे महिन्यातल्या दमट हवेत पानं एकमेकांना चिकटतात. माझी ९६-९७ ही समोरासमोरची पानं अशीच चिकटून राहिली आणि मला पत्ता नाही. तीन आठवड्यांनी वाचताना ९५व्या पानावर होडी बंदरातून सुटली आणि पुढच्या ओळीला नायक लग्नाच्या मांडवात जेवायला बसलेला. लेखकाने काळ ओलांडला असेल असं मला वाटलं! संपादक काकांनी शांतपणे विचारलं, "पानांचे आकडे बघितलेस?"

तेव्हापासून पद्धत अशी : स्कॅन झालं की फायलींची संख्या आणि पुस्तकाची पानं जुळवायची, आणि प्रत्येक फायलीचं नाव पानाच्या आकड्यावरून द्यायचं. 'नवीन', 'नवीन अंतिम', 'अंतिम खरंच' ही नावं घरच्या फोटोंना द्या.

५. ओसीआर नंतरचं वाचन : खरं काम इथे आहे

चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं तंत्र म्हणजे ओसीआर. गूगल ड्राइव्हमध्ये पानाचं चित्र टाकून ते डॉक्समध्ये उघडलं की मराठी मजकूर बाहेर पडतो. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअरही मराठी वाचतं. पहिल्यांदा बघितल्यावर जादूच वाटते. मग वाचायला बसा.

घ चा ध होतो, भ चा म, ब चा व, थ चा य, ष चा प. 'भाताला' चं 'माताला', 'बंदर' चं 'वंदर'. अशा चुका डोळ्यांना टोचतात तरी. 'घर' चं 'धर' झालं तर स्पेलचेक गप्प बसतो, कारण 'धर' हाही शब्दच आहे. अनुस्वार शाईचा ठिपका समजून गळतात, आणि कसरीचं भोक अनुस्वार होऊन बसतं. विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची दोन टिंबं येतात. १ आणि ९ एकमेकांत मिसळतात, म्हणजे सनावळी गेली.

दोनदा वाचा. पहिल्या वाचनात डावीकडे स्कॅन, उजवीकडे मजकूर, ओळीगणिक. अर्थाच्या मागे जायचं नाही. गोष्ट रंगली की डोळा पुढे पळतो आणि चुका मागे राहतात. दुसरं वाचन मोठ्याने. दोघं असाल तर एकाने वाचायचं, दुसऱ्याने मूळ पानावर बोट ठेवायचं. सुरुवातीला माझी दिवसाला पंधरा पानं व्हायची. सहाव्या आठवड्यात चाळीसच्या आसपास.

आता वही. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सापडलेली चूक नुसती दुरुस्त करू नको, लिहून ठेव." मी चार रकाने आखले : पान, चुकीचं, बरोबर, कारण. पहिला आठवडा हे म्हणजे शिक्षा वाटली. दुसऱ्या आठवड्यात दिसायला लागलं की त्याच त्या पंधरा-वीस चुका फिरून फिरून येतायत. मग पान वाचायच्या आधीच त्या शोधून काढता येऊ लागल्या. आठ आठवड्यांत ३४० नोंदी झाल्या. कॉलेजचा अहवाल मी त्या वहीवरूनच एका दिवसात लिहिला, आणि तिची प्रत संस्थेने पुढच्या पुस्तकासाठी ठेवून घेतली. बाकी काही विसरलात तरी चालेल, ही वही विसरू नका.

या टप्प्यावरचे तीन सापळे जरा सविस्तर सांगते, कारण तिन्हींत मी पडलेय.

पहिला, 'सगळीकडे बदला' हे बटण. जुन्या पुस्तकात 'कां', 'नाहीं', 'येथें' असे आज न उच्चारले जाणारे अनुस्वार भरपूर. १९६२च्या लेखननियमांनी ते काढून टाकले. संस्थेने नव्या नियमांप्रमाणे छापायचं ठरवलं होतं, म्हणून मी हुशारी केली : 'कां' शोधा, 'का' करा, सगळीकडे. एका टिचकीत काम झालं. दुसऱ्या दिवशी बघते तर गोष्टीतली म्हातारी 'कादा' चिरतेय, धनगराच्या खांद्यावर 'काबळं' आहे आणि नायक-नायिका 'एकातात' भेटतायत. मागे फिरायचं तर आदल्या दिवशीची प्रत मी ठेवलेली नव्हती. पुढचे दोन दिवस ते अनुस्वार हाताने परत लावले. शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा घालून शोधा. 'पूर्ण शब्द' हा पर्याय देवनागरीत सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट चालत नाही, कारण काहींना काना-मात्रा अक्षर वाटतच नाहीत. आणि बदल करायच्या आधी फायलीची प्रत काढा. आधी!

दुसरा, दिसायला सारखं पण आतून वेगळं. 'किनाऱ्यावर' हा शब्द शोधला तर ११ ठिकाणी सापडला. समुद्राच्या गोष्टींत एवढाच? कारण ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात पायमोड्या र च्या जागी स्वतंत्र ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकच, शोधाला मात्र दोन वेगळे शब्द. ॲ चंही तसंच. एकसंध ॲ वेगळा आणि अ वर चंद्र देऊन केलेला वेगळा. पुस्तक हातात घेतल्या घेतल्या यातलं एक रूप ठरवा आणि सगळं त्यात आणा, नाहीतर वाचकाला शब्द सापडत नाही आणि दोष तुमच्या पुस्तकावर येतो.

तिसरा सापळा खास आपल्याकडचा. गोष्टींतली माणसं मालवणीत बोलत होती. स्पेलचेकने 'माका', 'खंय', 'थंय' यांच्याखाली लाल रेघांची रांगोळी काढली. मी मालवणीच घरी बोलते, तरी पुस्तकातलं म्हणून मनात धाकधूक, आणि 'गेल्लंय' मधला जोड ल चुकून आलाय असं समजून मी एक ल काढला. काकांनी मूळ पान पुढे ठेवलं. लेखकाने जाणूनबुजून लिहिलं होतं, प्रत्येक ठिकाणी. तेव्हा संवादांना हात लावायचा नाही. शंका आली तर वहीत लिहायची आणि विचारायची. पुण्याच्या संस्थेसाठी घरून काम करत असाल तर उलट तुम्हीच सांगा की हा शब्द बरोबर आहे. तिथे कुणाला ठाऊक नसण्याची शक्यता जास्त.

घरबसल्या सराव करायचा असेल तर मराठी विकिस्रोतावर खातं उघडा. तिथे स्कॅन आणि मजकूर शेजारी शेजारी दिसतात. एकाने तपासलेलं पान पिवळं होतं, दुसऱ्याने पडताळलं की हिरवं. अर्जासोबत 'मी इतकी पानं पिवळी केली' असं लिहिता येतं, आणि ते कुणालाही उघडून बघता येतं.

६. जुन्या फाँटातल्या फायली

सगळीच पुस्तकं स्कॅन करावी लागत नाहीत. गेल्या वीस-तीस वर्षांतली पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये श्री-लिपी, कृतिदेव किंवा तशा फाँटात पडलेली असतात. त्या फाँटांत मराठी अक्षर दिसतं, पण आत इंग्रजी कळांचेच संकेत असतात. म्हणून मोबाइलवर उघडलं की नुसता कचरा. परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतं. रफार आणि पहिली वेलांटी मात्र हमखास जागा सोडतात, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची आणि रफार नंतर. प्रत्येक रफार आणि जोडाक्षरावरची प्रत्येक पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला. वहीत त्यांना वेगळं पान द्या.

७. हक्कांचा प्रश्न तुम्हीच विचारा

इंटर्नने यात पडू नये असं वाटतं, पण सगळं झाल्यावर 'परवानगी नाही' कळलं तर महिना वाया. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढचं कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. पालगडचे साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं झालं. मालगुंडचे केशवसुत १९०५ साली गेले, तो प्रश्न केव्हाच मिटला. पण आरती प्रभू १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत वारसांची परवानगी लागणार. पुस्तक कितीही जीर्ण, बाजारात न मिळणारं असो, हिशेब बदलत नाही.

मूळ लेखक खुला झाला तरी नंतरची प्रस्तावना, अनुवाद, आतली चित्रं यांचे हक्क ज्याचे त्याचे वेगळे. आमच्या कथासंग्रहाची प्रस्तावना अशीच गळली. हयात लेखकाचा जुना करार असेल तर त्यात ई-पुस्तकाचा उल्लेख आहे का ते बघायला सांगा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, प्रकाशकाने घ्यायचा असतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो मोफत मिळतो. छापील पुस्तकाचा क्रमांक ई-आवृत्तीला चिकटवू नका, दोघांना वेगळे लागतात.

८. ईपब बांधणं

ईपब म्हणजे आतून एक झिप फाइल आहे. फायलीच्या नावातलं शेवटचं .epub बदलून .zip केलं आणि उघडलं की आत वेबपानांसारखी प्रकरणं, सजावटीची फाइल, चित्रं आणि यादी दिसते. एकदा असं उघडून बघाच, भीती जाते. परत बांधताना मात्र नेहमीच्या झिपने बांधू नका : त्यातली माइमटाइप नावाची बारकी फाइल सगळ्यांत पहिली आणि न दाबलेली असावी लागते, नाहीतर तपासणीत नापास. सिजिल हे स्वतःच सांभाळतं.

बाकी थोडक्यात. प्रकरणाचं नाव नुसतं ठळक करू नका, त्याला शीर्षकाची शैली द्या; अनुक्रमणिका त्यावरून तयार होते. पुस्तकाची भाषा मराठी नोंदवा. हिंदी नोंदवलेली राहिली तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. फाँट आत घालायचा तर मुक्त परवान्याचा घ्या, मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी चालेल. कार्यालयातल्या संगणकावर आहे म्हणून कुठलाही उचलून घालू नका. अक्षरांना काळा रंग ठरवून देऊ नका, रात्रीच्या काळ्या पडद्यावर मजकूर गायब होतो. कविता आणि ओव्या असतील तर ओळी मुळाशी ताडून बघा, ओसीआर त्यांचा परिच्छेद करून टाकतं.

मग ईपबचेक. पहिल्यांदा लाल ओळींची यादी आली की पोटात गोळा येतो. माझ्या ६२ आल्या होत्या. वरची एक दुरुस्त केली आणि परत चालवलं तर १९ राहिल्या, कारण एका चुकीमागे बाकीच्या रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांत शेवटी दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर उघडून बघा. मावशीच्या जुन्या फोनवर आमची सगळी जोडाक्षरं सुटी दिसत होती, ते माझ्या फोनवर कधीच कळलं नसतं.

९. वीज, नेट आणि चाकरमानी

हे मार्गदर्शनात कुठे लिहिलेलं नसतं, पण कोकणात करणार असाल तर यावरच सगळं अडतं.

मेच्या मध्यापासून संध्याकाळी ढग भरून येतात, वीज जाते. कार्यालयातल्या संगणकाला यूपीएस आहे का ते पहिल्या दिवशी बघा आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह करा. मोठ्या फायली चढवायचं काम सकाळी करा. घरून करत असाल तर घर सोडून नेट कुठे येतं ते आधीच हेरून ठेवा. शेवटी शेवटी दहा दिवस मी गावी होते. आमच्या घरात एक कांडी येते, तीही खिडकीत. मी सकाळी साडेसहाला सड्यावर जायचे, फायली पाठवायचे आणि उन्हं तापायच्या आत खाली. कातळावर लॅपटॉप उघडून बसलेली मुलगी बघून गुरं घेऊन आलेल्या आबांनी विचारलं, "मोजणी आसा काय गो?"

राहायची सोय मार्चमध्येच करा. मे महिन्यात चाकरमानी आले की खोली मिळत नाही, एसटीत पाय ठेवायला जागा नसते आणि नातेवाइकांकडे आधीच आठ माणसं असतात. दमट हवेत जुनी पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळा. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे स्कॅनिंगचं काम ढकलूच नका.

१०. शेवटचा आठवडा

तीन गोष्टी मागून घ्या. केलेल्या कामातली किती पानं नमुना म्हणून दाखवता येतील याची लेखी परवानगी. ई-पुस्तकाच्या श्रेयपानावर नाव येणार असेल तर ते कसं लिहायचं. आणि प्रमाणपत्र, ज्यावर तारखा, तास आणि कामाचं स्वरूप तिन्ही असावं. 'समाधानकारक काम केले' एवढ्या एका ओळीचं कॉलेज परत पाठवतं.

प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच वाचा. माझ्यावर 'डीजीटल प्रकाशन' असं छापून आलं होतं, दोन्ही वेलांट्या दीर्घ. सांगावं की नको, निरोपाच्या दिवशी बरं दिसतं का, असं करत मी चहा संपेपर्यंत थांबले. मग पेन्सिलने दोन्हीवर खूण केली आणि कागद काकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर सरकवून बघितलं आणि विचारलं, "वहीत लिहिलंस का?"

दुरुस्त प्रमाणपत्र पोस्टाने आलं, नऊ दिवसांनी. कॉलेजची तारीख ठरवताना तेवढे दिवस धरून चला.